नुसतं ‘जॉइन’ कुठे आणि ‘जॉइन इन’ कुठे?

‘जॉइन’ हा शब्द आता खेड्यातही कोणाला परका नाही. नवे ग्रामसेवक सोमवारी जॉइन झाले, पोरगी नर्सिंगला जॉइन झाली, बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन करा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही यातलं सगळं कळतं. इंग्रजी शिकताना अडचणही नेमकी इथूनच सुरू होते. जो शब्द अजिबात माहीत नसतो तो माणूस जपून वापरतो. जो आपल्या तोंडात आधीच रुळलेला असतो, तो इंग्रजी वाक्यातही आपल्याच सवयीने जातो. मग बँकेच्या मुलाखतीत ‘आय वॉन्ट टू जॉइन इन बँक’ असं वाक्य निघतं आणि समोरचा मान हलवतो, पण कागदावर काहीतरी लिहून घेतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे: दहावी-बारावीची पोरं, भरतीची तयारी करणारे, बाहेरून आलेल्या पाहुण्यांशी दोन वाक्यं बोलावी लागणाऱ्या गटाच्या ताया. व्याकरणाची पुस्तकं ‘जॉइन इन’ला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात, म्हणजे क्रियापदाला छोटासा शब्द चिकटून वेगळा अर्थ देणारी जोडी. नाव पाठ नसलं तरी चालेल. पायऱ्या मात्र याच क्रमाने घ्या, कारण पहिली कच्ची राहिली तर दुसरी डोक्यात बसत नाही.

पहिली पायरी: नुसत्या ‘जॉइन’च्या मागचे प्रत्यय सोडा

मराठीत आपण म्हणतो, ‘मी बँकेत जॉइन झालो.’ या ‘त’चं आपण इंग्रजीत ‘इन’ करतो आणि ‘आय जॉइन्ड इन द बँक’ तयार होतं. ‘कॉलेजला जॉइन झाली’ मधल्या ‘ला’चं ‘टू’ होतं: ‘शी जॉइन्ड टू द कॉलेज’. ‘आमच्यासंगं जॉइन व्हा’ मधल्या ‘संगं’चं ‘विथ’ होतं: ‘जॉइन विथ अस’. तिन्ही वाक्यं चुकीची, आणि तिन्हींचं कारण एकच आहे. मराठी प्रत्यय इंग्रजीत ओढून आणलेला.

इंग्रजीत ‘जॉइन’च्या पुढे थेट संस्थेचं, गटाचं किंवा माणसाचं नाव येतं, मध्ये काही नाही. ‘आय जॉइन्ड द बँक.’ ‘शी जॉइन्ड द कॉलेज.’ ‘प्लीज जॉइन अस.’ सैन्यासाठी ‘जॉइन द आर्मी’, पोलिसांसाठी ‘जॉइन द पोलीस’. पद सांगायचं असेल तर ‘ॲज’ लावा: ‘ही जॉइन्ड द बँक ॲज अ क्लार्क.’

एक वाक्य मात्र पोरांना हमखास गोंधळात टाकतं: ‘आय जॉइन्ड इन जून.’ हे बरोबर आहे! इथला ‘इन’ ‘जॉइन’चा नाही, ‘जून’चा आहे. ‘जूनमध्ये’ यातलं ‘मध्ये’. तसंच ‘आय जॉइन्ड इन २०२२’. महिना किंवा साल पुढे आलं की हा ‘इन’ वेळेचा समजा आणि निर्धास्त राहा. दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या असतील तर ‘आय जॉइन्ड द बँक इन जून २०२२’. संस्थेला काही लावलं नाही, वेळेला ‘इन’ लावलं.

‘टू’ही कधीकधी चालतो, पण वस्तू वस्तूला जोडताना. ठिबकची नळी टाकीला जोडायची असेल तर ‘जॉइन द पाइप टू द टँक’. हा त्या शब्दाचा मूळचा अर्थ. लॅटिनमधल्या ज्या धातूतून फ्रेंचमार्गे ‘जॉइन’ इंग्रजीत आला, त्याचं आणि संस्कृत ‘युज्’ धातूचं मूळ एकच आहे. ‘योग’ त्याच कुळातला आणि बैलांच्या मानेवरचं ‘जू’ही त्याच कुळातलं. तेव्हा हा शब्द आपल्याकडे पाहुणा म्हणून आला असला तरी त्याचे नातेवाईक आपल्या गोठ्यात आधीपासूनच होते.

आणखी एक. ‘ड्यूटी जॉइन केली’, ‘जॉइनिंग रिपोर्ट’, ‘जॉइनिंग डेट’ ही आपल्या देशातल्या कचेरीची इंग्रजी आहे. इथे खुशाल वापरा, सगळ्यांना कळते. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘आय स्टार्टेड वर्क ऑन मंडे’ म्हटलेलं बरं.

दुसरी पायरी: ‘करून राहिले’ची कसोटी

आता मुख्य मुद्दा. ‘जॉइन इन’ म्हणजे दुसरे लोक जे करत आहेत, त्यात आपणही उतरणं. संस्थेचं सभासद होणं वेगळं, चालू कामात हात घालणं वेगळं.

हे ओळखायला वऱ्हाडी बोलणाऱ्याला पुण्यामुंबईच्या मुलांपेक्षा सोपं जातं, असं माझं मत आहे. ते म्हणतात ‘ते गात आहेत’. आपण म्हणतो ‘ते गाऊन राहिले’. शहरात गेल्यावर या ‘राहिले’वरून आपल्या पोरांची थट्टा होते. होऊ द्या. हा ‘राहिले’ इंग्रजीतल्या ‘इंग’च्या रूपाचंच काम करतो: ‘गाऊन राहिले’ म्हणजे ‘दे आर सिंगिंग’. तेव्हा कसोटी अशी: वाक्यात ‘कोणीतरी काहीतरी करून राहिले’ असं म्हणता येतं का, आणि तुम्हीही तेच करू लागता का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर ‘जॉइन इन’.

भजन घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून ते लहानशा गावाच्या मंदिरापर्यंत, खंजिरीवर एक जण भजन धरतो आणि बाकीचे मागून म्हणतात. तुम्ही उशिरा आलात, बसलात, दुसऱ्या कडव्याला तुमचाही आवाज मिसळला. ‘दे वेअर सिंगिंग अ भजन, अँड आय जॉइन्ड इन.’ नुसतं बसून ऐकलंत तर ‘जॉइन इन’ झालं नाही. झाडीपट्टीतल्या दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, मुख्य गाणाऱ्यामागे झील धरणारे, म्हणजे मागून ओळ उचलणारे असतात. त्यांचं काम इंग्रजीत सांगायचं तर ‘दे जॉइन इन द कोरस’.

वावरात चला. बाया कापूस वेचून राहिल्या आहेत, तुम्ही बांधावर उभे. ओटी बांधून कपाशीच्या ओळीत शिरलात की ‘जॉइन इन’: ‘द विमेन वेअर पिकिंग कॉटन, सो वी जॉइन्ड इन.’

आणि रोडग्याचा कार्यक्रम तर या धड्यासाठीच केलेला वाटतो. थंडीचे दिवस, वावरात गोवऱ्यांची आर पेटलेली, काकाजी रोडगे भाजून राहिले, काकू वांग्याच्या भाजीला फोडणी देऊन राहिल्या. वाटेने जाणाऱ्या तुम्हाला दोन तऱ्हेने बोलावता येईल. ‘कम, जॉइन अस!’ म्हणजे या, आमच्यात बसा, जेवा. ‘कम, जॉइन इन!’ म्हणजे या, बाह्या सरसावा, कणीक मळा. पहिल्यात ताट वाढलेलं आहे, दुसऱ्यात काम आहे. जेवायचं आमंत्रण असेल तर ‘विल यू जॉइन अस फॉर लंच?’ हेच बरोबर. ‘जॉइन इन लंच’ कोणी म्हणत नाही.

चांगल्याच कामाला ‘जॉइन इन’ लागतं असंही नाही. बस स्टँडवर दोघं भांडून राहिले, तिसऱ्याने उडी घेतली: ‘टू मेन वेअर फायटिंग, अँड अ थर्ड जॉइन्ड इन.’ वर्गात एका पोराला चिडवायला सुरुवात झाली आणि बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं: ‘द अदर्स जॉइन्ड इन.’ यामुळे मराठीत याला एकच शब्द पाठ करू नका. ‘सामील झाला’ हा कोशातला शब्द. प्रसंगाप्रमाणे कुठे ‘सूर मिसळला’, कुठे ‘हात लावला’, कुठे ‘उडी घेतली’, कुठे ‘री ओढली’ असा अर्थ निघतो.

शिक्षकांच्या तोंडी हे वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘ही डझन्ट जॉइन इन.’ म्हणजे पोरगा गैरहजर असतो असं नाही. रोज येतो, पण खेळात, गाण्यात, बोलण्यात मिसळत नाही. पालक सभेत हे वाक्य कानावर आलं तर हजेरीपुस्तक तपासायला धावू नका.

तिसरी पायरी: वाक्यात बसवायचं कसं

‘जॉइन इन’ एकटं उभं राहू शकतं, आणि तेच सर्वांत सोपं. ‘एव्हरीवन जॉइन्ड इन.’ ‘कॅन आय जॉइन इन?’ खेळणाऱ्या पोरांना, गप्पा मारणाऱ्या मैत्रिणींना विचारायला हे शेवटचं वाक्य फार कामाचं. ‘मलेबी घ्या ना!’ याला इंग्रजीत यापेक्षा नेमकं काही नाही.

पुढे काम जोडायचं असेल तर थेट जोडा: ‘जॉइन इन द गेम’, ‘जॉइन इन द सिंगिंग’, ‘जॉइन इन द डिस्कशन’. माणसं जोडायची असतील तर ‘विथ’ घ्या: ‘जॉइन इन विथ द अदर्स’. ‘जॉइन इन अस’ चूक. एक तर ‘जॉइन अस’, नाही तर ‘जॉइन इन विथ अस’. ‘जॉइन इन ऑन द फन’ असंही, विशेषतः अमेरिकी बोलण्यात, ऐकू येतं. कळलं म्हणजे पुरे.

ही जोडी तोडायची नसते. ‘टर्न ऑन द मोटर’ आणि ‘टर्न द मोटर ऑन’ दोन्ही चालतात, पण ‘जॉइन द गेम इन’ चालत नाही. काळ बदलला की बदल फक्त पहिल्या शब्दात होतो: जॉइन इन, जॉइन्स इन, जॉइन्ड इन, जॉइनिंग इन. ‘जॉइन इन्ड’ असं लिहिलेल्या वह्या मी तपासल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उच्चाराकडे थोडं लक्ष द्या. मराठीत ‘ज’ दोन आहेत, एक ‘जहाज’मधला आणि एक ‘जीवन’मधला. इंग्रजी ‘जॉइन’ला ‘जीवन’मधला ज लागतो. शिवाय दोन्ही शब्द सुटे न म्हणता जोडून म्हणा, ‘जॉय-निन’ असं काहीसं ऐकू यावं, भूतकाळात ‘जॉइन-डिन’. आणि जोर ‘इन’वर. ‘आय जॉइन्ड इन जून’ म्हणताना मात्र जोर ‘जून’वर जातो. ऐकूनच फरक कळतो की कोणता ‘इन’ कोणाचा आहे.

चौथी पायरी: एकच प्रसंग, दोन्ही शब्द

इथे हुशार पोरंही अडखळतात. मोबाइलवर मीटिंगची लिंक आली, तुम्ही दाबली. ‘आय जॉइन्ड द मीटिंग.’ लोक तर तिथे बोलून राहिले, मग ‘जॉइन इन’ का नाही? कारण तुम्ही आत आलात एवढंच झालं. आवाज बंद ठेवून तासभर ऐकलंत तरी मीटिंग ‘जॉइन’ झालीच. तोंड उघडून मत मांडलंत की मग ‘आय जॉइन्ड इन द डिस्कशन’.

ग्रामसभेलाही हेच लागू. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला सही करून मागच्या सतरंजीवर बसणारा ‘अटेंड्स द ग्रामसभा’. रस्त्याचा विषय निघाल्यावर उठून बोलणारी ताई ‘जॉइन्स इन द डिस्कशन’. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. अशा गावाबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘पीपल अटेंड द मीटिंग’ लिहिलं तर खरी गोष्टच सुटते. तिथे ‘एव्हरीवन जॉइन्स इन द डिस्कशन’ हे वाक्य हवं.

रांगेचंही तसंच. कापूस खरेदी केंद्रावर बंड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगेत लागायचं तर ‘जॉइन द क्यू’. रांग हे काम नाही, त्यात जागा घ्यायची असते. ‘जॉइन इन द क्यू’ ऐकायला विचित्र लागतं.

पाचवी पायरी: भाऊबंद

‘जॉइन अप’ हे भरतीच्या पोरांसाठी. ब्रिटिश इंग्रजीत, खासकरून जुन्या बोलण्यात, ‘ही जॉइन्ड अप’ म्हणजे तो फौजेत भरती झाला. पुढे आर्मी शब्द नसला तरी तोच अर्थ. पण मुलाखतीत किंवा अर्जात तुम्ही स्वतः ‘आय वॉन्ट टू जॉइन द आर्मी’ असंच म्हणा, ते कुठेही चालतं. पहाटे रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणाऱ्या पोरांमागे गावातलं एखादं लहान पोट्टं धावायला लागलं तर ते ‘जॉइन्स इन’. भरती झाल्यावरचं ‘जॉइन अप’ ते वेगळं. ‘जॉइन अप विथ’चा अर्थ आणखी निराळा, वाटेत दोन गट एकत्र येणं: यवतमाळची दिंडी आणि वाशीमची दिंडी एका मुक्कामावर एक झाल्या तर ‘दे जॉइन्ड अप’.

‘साइन अप’ म्हणजे नाव नोंदवणं. शिबिराला नाव दिलं: ‘आय साइन्ड अप फॉर द कॅम्प.’ नाव दिलं म्हणजे गेलात असं होत नाही, हे आयोजकांना विचारा.

‘चिप इन’ मला मनापासून आवडतं, कारण आपल्या वर्गणीला ते चपखल बसतं. मंदिराच्या भंडाऱ्याला कोणी शंभर दिले, कोणी पायलीभर तूर दिली: ‘एव्हरीवन चिप्ड इन.’ थोडं थोडं सगळ्यांनी घालणं हा त्याचा जीव आहे. एकट्या पाटलाने सगळा खर्च उचलला तर ‘चिप इन’ म्हणता येत नाही. बोलण्यात मध्येच एखादं वाक्य टाकणं यालाही ‘चिप इन’ म्हणतात.

‘पिच इन’मध्ये पैशापेक्षा मेहनत असते. अवकाळी पाऊस आला, अंगणातली तूर झाकायला शेजारीपाजारी धावले: ‘द नेबर्स पिच्ड इन.’ ‘टीम अप’ म्हणजे एका कामासाठी जोडी किंवा फळी करणं, आणि त्याला ‘विथ’ लागतं: ‘वी टीम्ड अप विथ द नेक्स्ट व्हिलेज.’

‘हुक अप’ मात्र जपून. पंपाला वायर किंवा पाइप जोडण्यासाठी ठीक, पण आजकालच्या बोलण्यात माणसांबद्दल वापरलं तर त्याचा अर्थ भलतीकडे जातो. सरपंचांना ‘लेट अस हुक अप टुमॉरो’ असा निरोप पाठवू नका.

सहावी पायरी: माइक हातात आला तर

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गटाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन इंग्रजीत करायची वेळ येते. तिथे एक ठरलेली मांडणी आहे: ‘प्लीज जॉइन मी इन वेलकमिंग अवर चीफ गेस्ट.’ इथे ‘जॉइन’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये माणूस बसला आहे, आणि ‘इन’नंतर ‘इंग’चं रूप आहे. ही जोडी तुटलेली नाही. हा ‘जॉइन इन’ नसून ‘मला साथ द्या, कशात, तर स्वागत करण्यात’ असा सरळ अर्थ आहे. ‘वेलकमिंग’च्या जागी ‘थँकिंग’, ‘कॉन्ग्रॅच्युलेटिंग’ घालून पाच वाक्यं तयार ठेवा, कार्यक्रम निघून जातो.

टाळ्या मागताना ‘जॉइन युअर हँड्स’ म्हणू नका, लोक नमस्कार करतील. ‘पुट युअर हँड्स टुगेदर’ म्हणा.

सातवी पायरी: करून बघा

पुढची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग खाली नजर टाका.

‘माझा भाऊ मागच्या वर्षी एसटीत जॉइन झाला.’ ‘पोट्टे कबड्डी खेळून राहिले होते, मास्तरही उतरले.’ ‘पाच गटांनी मिळून डाळमिल सुरू केली.’ ‘ती प्रार्थनेला आली, पण तिने प्रार्थना म्हटली नाही.’ ‘मिरवणूक निघाली होती, आम्ही चौकात सामील झालो.’

पहिल्याचं उत्तर ‘माय ब्रदर जॉइन्ड एसटी लास्ट इयर’; ‘त’ला विसरायचं. दुसरं, ‘द बॉइज वेअर प्लेइंग कबड्डी, अँड द टीचर जॉइन्ड इन.’ तिसऱ्यात कोणी कोणाच्या चालू कामात शिरलं नाही, पाचही गट मिळून नव्याने उभे राहिले, म्हणून ‘फाइव्ह ग्रुप्स टीम्ड अप अँड स्टार्टेड अ डाळमिल’. चौथं, ‘शी केम टू द प्रेअर, बट शी डिडन्ट जॉइन इन.’

पाचव्याला दोन उत्तरं आहेत. झेंडा घेऊन सरळ चालू लागलात तर ‘वी जॉइन्ड द प्रोसेशन ॲट द चौक’. डफडं ऐकून पाय थांबले नाहीत आणि तुम्हीही नाचायला लागलात, तर त्याच्यापुढे आणखी एक वाक्य घाला: ‘पीपल वेअर डान्सिंग, अँड वी जॉइन्ड इन.’